वाचकाला कच्चा लिंबू घ्या!

सन २३४७. तिसऱ्या जलयुद्धानंतर सह्याद्री महासंघाची स्थापना होऊन ८८ वर्षं झाली आहेत. महासंघात एकूण नऊ कुंडं असून प्रत्येक कुंडावर एक जलपती नेमलेला असतो. नागरिकांचे ओले, दमट, कोरडे आणि भेगाळ असे चार वर्ग असून त्यांना दररोज अनुक्रमे नऊ, सहा, तीन आणि एक ओंजळ पाणी मिळतं. ओंजळ हे मोजमाप २२९१ च्या करारानुसार...

थांबलात ना? ‘अनुक्रमे’पाशीच डोळे खाली घसरले असतील, कदाचित फोनकडेही गेले असतील. दोष तुमचा नाही. हा उतारा कुठल्या पुस्तकातला नाही, या लेखासाठी मुद्दाम रचलाय. पण तो ओळखीचा वाटला असणार. एकांकिकांचा सीझन आला की बहुतेक कॉलेजांच्या तालमीच्या हॉलमध्ये अशी एक तरी स्क्रिप्ट सापडते. पडदा उघडायच्या आधी काळोखात एक खर्जातला आवाज घुमतो, ‘सन अमुक-तमुक...’ आणि मग पुढची काही मिनिटं आपण एका न झालेल्या देशाचा न झालेला इतिहास ऐकत बसतो. कॉलेजच्या नियतकालिकातल्या फँटसी कथांचंही तेच. पहिलं पान म्हणजे गोष्ट कमी आणि गॅझेटिअर जास्त.

वाईट याचं वाटतं की अशा स्क्रिप्टकडे सांगण्यासारखं खूप असतं. पाणी कुणाच्या नळाला येतं आणि कुणाच्या हंड्याला येत नाही, हा प्रश्न २३४७ चा नाहीच, तो दर मे महिन्याचा आहे. थेट सांगितलं असतं तर ‘परत तेच!’ म्हणून लोकांनी कान मिटले असते. म्हणून लिहिणाऱ्यानं शहाणपणा केला, दुसरं जग उभं केलं, जिथे जुनाच प्रश्न नव्यानं बघता येईल. कल्पित जग उभारण्यामागचा सगळ्यात मोठा फायदा हाच. आणि तो फायदा पदरात पडायच्या आधीच नऊ कुंडं, चार वर्ग आणि एका कराराच्या गोणीखाली प्रेक्षक गुदमरतो. मागच्या रांगेतून पहिली शीळ येते. मुद्दा राहतो बाजूला.

असं का होतं? आळसामुळे तर नक्कीच नाही. उलट या लेखकांनी जास्तच मेहनत घेतलेली असते. नकाशा काढलेला असतो, वंशावळी केलेल्या असतात, चलन ठरवलेलं असतं. एवढं केल्यावर ते दाखवावंसं वाटणारच. शिवाय भीती असते, नियम आधी सांगितले नाहीत तर लोकांना कळणार कसं? पण मला विचाराल तर खरा गुन्हेगार तिसराच आहे. आपली उत्तरपत्रिका! पहिलीपासून पदवीपर्यंत आपण एकाच क्रमानं लिहायला शिकलो आहोत. प्रस्तावना, व्याख्या, प्रकार, गुण, दोष, निष्कर्ष. परीक्षक पाच मार्कांसाठी ते वाचतो, कारण ते वाचायचे त्याला पैसे मिळतात. कथेच्या वाचकाला कोण पैसे देतंय?

एक नवं जग तुम्ही खरोखर कसं शिकता, ते आठवून बघा. विरार लोकलमध्ये पहिल्यांदा चढलात तेव्हा कुणी पुस्तिका दिली होती? कुठल्या स्टेशनला फलाट कुठल्या बाजूला येतो, चौथ्या सीटवर किती अंग टेकवायचा हक्क आहे, बोरिवलीला उतरायचं असेल तर विरार फास्टमध्ये का चढू नये, हे सगळे नियम तुम्ही शिकलात. लोकांच्या नजरांवरून, एखाद्या खेकसण्यावरून, दारातच अडकून पुढच्या स्टेशनला गेल्यावर. आठवड्याभरात तुम्ही त्या डब्याचे नागरिक झालात आणि पुढच्या नवख्याकडे तशाच नजरेनं बघायला लागलात.

किंवा त्याहून सोपं उदाहरण. सुट्टीत आतेभाऊ-मामेबहिणी जमल्यात, डबा ऐसपैस किंवा लगोरी रंगलीय, आणि मध्येच एक पाच वर्षांचं शेंडेफळ ‘मलापण घ्या’ म्हणून भोकाड पसरतं. तुम्ही काय करता? त्याला बाजूला बसवून लगोरीचे नियम वाचून दाखवता? नाही. तुम्ही म्हणता, ‘बरं ये, तू कच्चा लिंबू.’ म्हणजे तो खेळणार, पळणार, ओरडणार, पण आउट होणार नाही. त्याच्या चुका धरल्या जाणार नाहीत. दोन डावांनंतर त्याला सगळं कळलेलं असतं आणि मग कच्चा लिंबू म्हटलेलं त्यालाच चालत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की पहिली काही पानं वाचकाला कच्चा लिंबू घ्या. त्याला खेळात ओढा. सगळं कळलं नाही तरी चालेल, एवढी सूट त्याला द्या. आणि मुख्य म्हणजे तो शिकेल यावर विश्वास ठेवा. गोष्टीआधीचं लांबलचक निवेदन म्हणजे खरं तर वाचकावरचा अविश्वास असतो. ‘तुला काय कळणार, थांब, मी सांगतो.’

हे काही परदेशी लेखनकार्यशाळेतून आलेलं ज्ञान नाही. आपल्याकडे श्रावणातल्या कहाण्या आहेत ना, त्या एकदा धार्मिक बाजू क्षणभर ठेवून फक्त गोष्ट म्हणून वाचा. आजीकडे पोथी असेलच. सुरुवात कशी होते? आटपाट नगर. संपलं! हे नगर कुठे आहे, लोकसंख्या किती, आधीचा राजा कोण, काही नाही. दोन शब्दांत तुम्हाला कळतं की आपण आता नेहमीच्या जगात नाही आणि इथे काहीही घडू शकतं. कल्पित जगाचं इतकं किफायतशीर दार मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. कहाणीच्या जगाला नियम असतात, आणि चांगले कडक असतात. अमुक दिवशी अमुक पूजा, इतके दोरे, इतक्या गाठी, इतकी पानं, उद्यापन असं. म्हणजे माहितीचा साठा आहेच. तो कधी सांगितला जातो बघा. आदित्यराणूबाईच्या कहाणीत एक गरीब ब्राह्मण समिधा-दूर्वा आणायला रानात जातो. तिथे नागकन्या-देवकन्या काहीतरी वसा वसत असतात. त्याला कुतूहल वाटतं, तो विचारतो की हे काय चाललंय. आणि त्या लगेच सांगत नाहीत! तुला सांगितलं तर तू माजशील, वसा टाकशील, असं म्हणून त्याला आधी अडवतात. तो गयावया करतो, शब्द देतो. तेव्हा कुठे विधी सांगितला जातो. आता तो विधी लांबलचक असला तरी आपण ऐकतो, कारण समोरच्या माणसाला त्याची गरज आहे, त्यानं तो मागून घेतलाय, आणि देणाऱ्यानं हातचं राखून मग दिलाय. गरज, प्रश्न, नकार आणि मग उत्तर. पटकथा शिकवणारे लोक हे समजावायला अख्खं सत्र घेतील.

आणि नियम मोडला तर काय होतं हेही कुणी सूचना म्हणून सांगत नाही. त्या ब्राह्मणाच्या दोन मुली असतात. एक राजाच्या घरी पडते, एक प्रधानाच्या. बाप भेटायला जातो, म्हणतो माझी कहाणी ऐका. राजाच्या घरची म्हणते, मला वेळ नाही. प्रधानाच्या घरची ऐकते. पुढे कुणाचं काय होतं ते तुम्हाला न सांगताही कळलं असेल, आणि तेच तर कौशल्य आहे. नियम ‘घडला’ की सांगावा लागत नाही. (कहाणी ऐकायला वेळ नाही म्हणणाऱ्याची दैना करणारी कहाणी! ज्यानं कुणी रचली, तो श्रोते पळून जाण्याच्या दुखण्यावर औषध शोधत असणार.)

आता थोडं जवळच्या काळात येऊ. डॉ. जयंत नारळीकर गेल्या वर्षी-दीड वर्षात सोशल मीडियावर खूप शेअर झाले, कारण २० मे २०२५ ला ते गेले. त्यांनी पहिली विज्ञानकथा ‘कृष्णविवर’ १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावानं पाठवली होती, हा किस्सा तुम्ही वाचला असेल. नाव लपवलं, कारण नावाकडे बघून बक्षीस मिळायला नको होतं. बक्षीस मिळालंच. पण आपल्या विषयासाठी त्यांची वाचायलाच हवी अशी कथा म्हणजे ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. सीबीएसईच्या मुलांना ती माहीत असेल. एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या इंग्रजी पुस्तकात ‘द अ‍ॅडव्हेंचर’ नावानं तिचं संक्षिप्त रूप आहे, आणि मी पुढे जे तपशील देतेय ते त्यातलेच.

कथेची कल्पना एका वाक्यात सांगता येते. १७६१ ला पानिपतावर मराठे जिंकले असते तर? आता असं जग उभं करायचं म्हणजे किती काय सांगावं लागेल, विचार करा. पेशवाईचं पुढे काय झालं, इंग्रजांचं काय झालं, दिल्लीत कोण बसलं, देश कसा चालतो. आपल्यातल्या कुणी ही एकांकिका केली असती तर निवेदनातच पहिली घंटा झाली असती.

नारळीकर काय करतात? पुण्याहून मुंबईला निघालेल्या गाडीत प्रोफेसर गायतोंड्यांना बसवतात. गाडीचं नाव जिजामाता एक्स्प्रेस, आणि ती डेक्कन क्वीनपेक्षा वेगानं पळतेय. पुण्याबाहेर कारखान्यांच्या वसाहती नाहीत. घाट मात्र तसाच. लोणावळा, कर्जत, कल्याण ही स्टेशनं ओळखीची. मग एक अनोळखी स्टेशन येतं, सरहद, आणि गणवेशातला एक अधिकारी परवाने तपासायला डब्यात चढतो. पुढे मुंबईच्या लोकल दिसतात, डब्यांवर छोटासा युनियन जॅक रंगवलेला.

बस. पुणे-मुंबई प्रवासात परवाना लागतो आणि मुंबईच्या लोकलवर इंग्रजांचा झेंडा आहे, एवढ्यावरून तुमच्या डोक्यात अख्खा नकाशा तयार होतो. मुंबई इंग्रजांकडे आहे, पुणे नाही. म्हणजे या दोघांच्या मध्ये सीमा आहे. म्हणजे पेशवाई बुडालीच नाही की काय? लेखकानं हे सांगितलेलं नाही, तुम्ही ते जुळवलंत. आणि जे आपण स्वतः जुळवतो ते आपण विसरत नाही. हे जमतं कशामुळे? तर ओळखीच्या चार गोष्टींमध्ये एक अनोळखी ठेवल्यामुळे. घाट तोच राहिला म्हणून सरहद स्टेशन टोचतं. सगळंच नवं असतं तर काहीच टोचलं नसतं.

आणखी एक हुशारी. गायतोंडे इतिहासाचे प्राध्यापक आहेत. त्यामुळे असल्या जगात पोचल्यावर ते काय करणार? ग्रंथालय गाठणार! टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात ते चक्क स्वतःच लिहिलेल्या इतिहासाचे पाच खंड मागवतात. चार खंडांपर्यंत, म्हणजे औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, सगळं त्यांच्या ओळखीचं. पाचव्यात गडबड. पानिपतावर विश्वासरावांना लागायची ती गोळी इथे कानाजवळून निघून गेलीय. इथे भरपूर माहिती येते, पुस्तकातला इतिहास येतो, तारखा येतात. पण आपल्याला ते निवेदन वाटत नाही, तपास वाटतो. कारण शोधणाऱ्या माणसाच्या पाठीवरून वाकून आपणही वाचत असतो. तेव्हा तुमच्या कल्पित जगात नायक कोण हवा, हा प्रश्न नुसता कथानकाचा नसतो. ज्याला त्या जगाचा नियम शोधल्याशिवाय गत्यंतर नाही, असा माणूस निवडला की निम्मं काम झालं. हॅरी पॉटर जवळजवळ दहा वर्षं जिन्याखालच्या कपाटात वाढलेला आहे, जादूगारांच्या घरात नाही, तेही याचसाठी. जादूगारांच्या गल्लीत त्याला जे विचारावं लागतं ते आपल्यालाही विचारायचंच असतं.

आणि विज्ञान? कॅटॅस्ट्रॉफी थिअरी, क्वांटम? ते सगळं अगदी शेवटी येतं, गायतोंडे परत आल्यावर, त्यांच्या मित्राबरोबरच्या गप्पांमध्ये. जड आहे, पहिल्या वाचनात पूर्ण कळत नाही. तरी आपण ओळ न ओळ वाचतो. कारण तोपर्यंत ‘हे झालं कसं?’ हा प्रश्न आपल्याला छळून छळून सोडवेनासा झालेला असतो. हाच उतारा पहिल्या पानावर असता तर? तहान लागल्यावर विहीर खणू नये, असं म्हणतात. बरोबरच आहे. विहीर आधीच खणलेली हवी, वही भरलेली हवी, करार २२९१ चा की २२९२ चा हे लेखकाला ठाऊक हवं. पण पाण्याचा तांब्या पाहुण्याच्या हातात कधी द्यायचा? तहान लागल्यावर. उंबऱ्यातच त्याच्या डोक्यावर घागर ओतत नाहीत.

आता इथे काही जण म्हणतील, म्हणजे ‘सांगू नका, दाखवा’, ते जुनंच. नाही! त्या मंत्रानंही बऱ्याच स्क्रिप्ट्सची वाट लावलीय. काही म्हणजे काही सांगायचंच नाही, प्रेक्षकांनी ओळखावं, अशा हट्टानं केलेली अगम्य एकांकिकाही आपण सगळ्यांनी सोसलेली आहे. नाटक संपल्यावर लेखक बाहेर येऊन अर्थ समजावत असतो. सांगायला काहीच हरकत नाही. कोण सांगतंय, कुणाला आणि कधी, एवढंच बघायचं.

‘तुंबाड’ घ्या. २०१८ चा चित्रपट, २०२४ मध्ये पुन्हा थिएटरात आला तेव्हा आपल्यापैकी कित्येकांनी तो पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर पाहिला. राही अनिल बर्वे सुरुवातीलाच सरळ सरळ सांगून टाकतात. देवी, तिचा पहिला मुलगा हस्तर, त्याची सोन्याची आणि धान्याची हाव, बाकीच्या देवांचा हल्ला, आणि कधीच पुजला जाणार नाहीस या अटीवर मिळालेलं जीवदान. निव्वळ व्हॉइसओव्हर. मग तो का चालतो? एक तर तो थोडक्यात आटपतो. दुसरं, त्याला दंतकथेची लय आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही कथा एक बाप आपल्या मुलाला सांगतोय. पुढे आपल्याला कळतं की तो गोष्ट सांगत नव्हता, धंदा शिकवत होता. हाव वारशानं दिली जात होती. म्हणजे माहिती देणं हीच त्या चित्रपटातली एक कृती आहे, आणि ती भयंकर आहे. शिवाय सगळं तिथेच सांगितलं जात नाही. कणकेची बाहुली, पिठाचं रिंगण, हे नियम नंतर, जीव मुठीत धरून कळतात. कच्चा लिंबू आउट होत नसतो, पण त्याला दुसरं कुणी आउट होताना दिसतं ना!

टॉल्किनही सांगतो. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या १९५४ साली आलेल्या पहिल्या भागात गँडाल्फ फ्रोडोसमोर बसून अंगठीचा इतिहास सांगतो ते प्रकरण चांगलंच लांब आहे. पण त्याआधी अंगठी फ्रोडोच्या घरात येऊन पडलेली आहे. गँडाल्फ ती चुलीत टाकतो, तिच्यावर अक्षरं उमटतात, आणि मग इतिहास हा इतिहास राहत नाही, ते फ्रोडोच्या गळ्याशी आलेलं असतं. पंचांगं, लिप्या, राजघराण्यांच्या याद्या हा सगळा ऐवज टॉल्किननं परिशिष्टांत टाकला, तिसऱ्या भागाच्या शेवटी. वेड लागलेल्यांनी वाचावा, बाकीच्यांनी सोडावा. (त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला हॉबिट लोकांवर एक प्रस्तावना आहे आणि तिच्यात पाइपमध्ये ओढायच्या पानावर वेगळा भाग आहे, हे मला माहितेय. कित्येक जण तिथूनच परत फिरतात. टॉल्किनला ते परवडलं, आपल्याला परवडेल असं नाही.)

सिनेमावाल्यांची फजिती तर वेगळीच. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’चा सुरुवातीचा सरकता मजकूर आज तीन परिच्छेदांचा आहे. जॉर्ज लुकासनं तो मित्रांना दाखवला तेव्हा ब्रायन डी पाल्मानं त्याची खिल्ली उडवली आणि मग स्वतःच तो नीट करायला मदत केली. असा एक मित्र प्रत्येकाला हवा. ‘ड्यून’चा १९८४ चा चित्रपट तर असा होता की काही थिएटरांत प्रेक्षकांना शब्दार्थांचा छापील कागद वाटला गेला! अंधारात तो वाचायचा कसा, ते देव जाणे. त्या चित्रपटात सुरुवातीचं निवेदन करते सम्राटाची मुलगी, राजकन्या इरुलान. २०२१ च्या ‘ड्यून’नं सुरुवातीचं निवेदन ठेवलं, पण आवाज बदलला. तिथे बोलते चानी, त्या वाळवंटातली, जिची जमीन बाहेरच्यांनी लुटली ती. माहिती बरीचशी तीच. पण वरून खाली सांगितलेली माहिती आणि पायाखालची जमीन गेलेल्या माणसानं सांगितलेली माहिती यात केवढा फरक पडतो. आणि चानीचं बोलणं उत्तरावर नाही, प्रश्नावर थांबतं. आता यापुढे आमच्यावर जुलूम करायला कोण येणार?

एक मुद्दा खास मराठीत लिहिणाऱ्यांसाठी. कल्पित जग म्हटलं की आपल्याकडे ‘झारकॉन’, ‘एल्डोरिया’ असली नावं का सुचतात? असं प्रत्येक नाव म्हणजे वाचकाला पाठ करायला दिलेला एक नवा शब्द. एका पानावर तीन झाले की शब्दकोश लागतो. उलट मराठीच्या पोतडीत असे शब्द पडलेत की जे एकटे अख्खी व्यवस्था घेऊन येतात. वेस. चावडी. वतन. दस्तक. सावकार. तुमच्या मंगळावरच्या वस्तीबद्दल ‘सावकारानं प्राणवायू तोडला’ असं एक वाक्य लिहा, अर्थव्यवस्था समजावायची गरजच नाही. आणि ‘गावकुसाबाहेर’. हा एक शब्द लिहिलात की कुणी आत, कुणी बाहेर, कुणी ठरवलं, किती काळापासून, सगळं आलं. अर्थात तो शब्द तुम्ही घडवलेला नाही, माणसांनी पिढ्यान् पिढ्या भोगलेला आहे. नुसत्या वातावरणनिर्मितीसाठी तो वापरू नका. ज्या कथेत त्या शब्दाचा हिशेब होणार असेल, तिथेच तो यावा.

तर आता आपल्या २३४७ कडे. तेच जग, तेच नियम. समजा सुरुवात अशी झाली:

ताईनं ओंजळ नळाखाली धरली. लाल दिवा लागला.

‘कोरडे पलीकडच्या रांगेत,’ शिपाई मान वर न करता म्हणाला.

‘काल तर मी इथेच...’

‘काल तुमचे वडील होते.’

काय काय कळलं, मोजा. पाणी मोजून मिळतं. ओंजळीनं मिळतं. यंत्र माणूस ओळखतं. कोरडे नावाचा एक वर्ग आहे आणि त्याची रांग वेगळी आहे. ताईचे वडील गेले, बहुधा कालच. आणि काय काय कळलं नाही? साल, युद्ध, महासंघ, नऊ कुंडं, जलपती. त्याचं काही अडलं का? उलट एक प्रश्न मात्र डोक्यात घुसला असेल की बाप मेल्यावर पोरीची रांग का बदलते? आता तुम्ही मला विचारताय. आता २२९१ च्या कराराचं ते कलम काढा बाहेर. पानभर असलं तरी लोक वाचतील. ताई ते कलम कुठून मिळवते, कुणाकडे हात पसरते, तो तिला आधी नकार देतो का, हीच तुमची गोष्ट होऊन बसेल.

ही खटपट सगळ्याच जगांना लागू आहे, फक्त राक्षस आणि रॉकेटवाल्यांना नाही. तुमच्या एकांकिकेत कोकणातला मासळीबाजार असेल, बीएमसीची चाळ असेल, ऊसतोडीचा तळ असेल, तर समोर बसलेल्या बहुतेकांसाठी तेही परग्रहच आहेत. टोळीत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे साखरपट्ट्याबाहेरच्या किती जणांना माहीत असतं? निवेदनात व्याख्या द्या, लोक विसरतील. मुकादम उचल देताना एकट्या बाईला ‘अर्धा कोयता’ म्हणून निम्मे पैसे टेकवताना दाखवा, ते घरी घेऊन जातील.

तालमी चालू असतील तर एक करून बघा. स्क्रिप्टची पहिली चार पानं अशा मित्राला द्या ज्यानं तुमच्याकडून गोष्ट ऐकलेली नाही. हातात पेन्सिल द्या. ‘कळलं का?’ असं विचारू नका, मित्र असेल तर तो हो म्हणेल. जिथे जिथे काहीतरी विचारावंसं वाटलं तिथे कडेला प्रश्नचिन्ह काढ, आणि जिथे डोळे घसरले तिथे आडवी रेघ मार, एवढंच सांगा. मग तुमच्या निवेदनातलं एकेक वाक्य घ्या आणि त्याच्यासाठी जवळपास एखादं प्रश्नचिन्ह सापडतंय का ते बघा. सापडलं तर ते वाक्य तिथे, त्याच्यानंतर नेऊन ठेवा. नाही सापडलं तर वहीत परत टाका. वहीत ते सुखरूप राहील, पुढच्या गोष्टीला लागेलच.